फोटोखालची ओळ

चि. सायलीस,


कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या एका जुन्या सिनेगॉगची डागडुजी करायची, त्यासाठी देणग्या गोळा करायच्या, म्हणून एका संस्थेचे लोक तुझ्याकडून फिल्म करून घेताहेत आणि ‘ओसाड प्रार्थनाघर आणि एकटा म्हातारा एवढंच दाखवा’ असा त्यांचा आग्रह आहे, असं तू लिहितेस. काम सोडू नकोस. पण हात घालण्याआधी छायाचित्रकार रोमान विश्न्याकचं काम पाहा, आणि फोटो पाहशील तितक्याच बारकाईने त्यांच्याखालच्या ओळी वाच. मदतीसाठी काढलेलं चित्र करुण असलं तर बिघडत नाही. त्याखालची ओळ खोटी असली तर मात्र बिघडतं, आणि ते पुढे कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

विश्न्याक १८९७ साली रशियात जन्मला आणि १९२० मध्ये बर्लिनला आला. १९३५ च्या सुमारास ‘जॉइंट’ या अमेरिकन ज्यू मदतसंस्थेने त्याच्याकडे पूर्व युरोपातल्या ज्यूंचे फोटो काढायचं काम सोपवलं. हेतू उघड होता: अमेरिकेतल्या देणगीदारांना तिथली हलाखी दिसावी. त्याने ती दाखवली, आणि काय ताकदीने! वॉर्सातल्या एका तळघरात सारा नावाची मुलगी अंथरुणात बसलेली आहे. डोक्यामागच्या भिंतीवर रंगाने छापलेली फुलं. भिंतीचा ओलावा कागदावर जाणवतो. अशा फोटोसमोर खिशात हात गेला नाही तरच नवल. पण पुढे १९८३ मध्ये त्याच्या फोटोंचं ‘अ व्हॅनिश्ड वर्ल्ड’ हे पुस्तक निघालं, तेव्हा मदतीसाठी निवडलेलं हे दारिद्र्य आणि ही धर्मनिष्ठा म्हणजेच अख्खा समाज, असं जगाने धरून चालायला सुरुवात केली. फोटोंखाली विश्न्याकने कहाण्याही लिहिल्या. त्याच्या निगेटिव्ह तपासणाऱ्या माया बेंटन यांना आढळलं की त्यातल्या काही कहाण्या फोटोंशी जुळत नाहीत. एकाच प्रसंगाचे म्हणून शेजारी छापलेले फोटो मुळात वेगळ्या वेळचे, वेगळ्या ठिकाणचे असावेत. न छापलेल्या निगेटिव्हमध्ये नीटनेटक्या कपड्यांतली, हसरी, शहरी माणसंही होती. ज्या पोलंडात सारा तळघरात होती, त्याच पोलंडात १९३७ साली ‘द डिबुक’ हा यिद्दिश, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या भाषेतला, बोलपट तयार झाला. तेव्हाच्या पोलंडातल्या विल्नात यिद्दिश भाषेची संशोधनसंस्था १९२५ पासून काम करत होती. देणगीच्या फोटोंत यातलं काही मावत नव्हतं.

तू म्हणशील, माणसं उपाशी असताना समतोल कसला सांभाळायचा? मान्य. वकिलाने आपल्या अशिलाची बाजू मांडावी, तशी त्या फोटोंनी गरिबांची बाजू मांडली, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही. शिवाय असं दुसऱ्यासाठी केलेलं कामच कधी कधी चित्रांना वाचवतं. ‘द डिबुक’च्या पटकथेत हात असलेला लेखक-छायाचित्रकार आल्टर कात्सिझ्ने १९४१ मध्ये तार्नोपोलला मारला गेला, वॉर्सातला त्याचा संग्रह नष्ट झाला, न्यूयॉर्कच्या यिद्दिश वर्तमानपत्राला पाठवलेले फोटो तेवढे राहिले. म्हणून तर काम घे म्हणतो.

दुसरा आक्षेप याहून अवघड. पोलंडातल्या तेहेतीस लाखांच्या आसपास ज्यूंपैकी सुमारे तीस लाख नाझींच्या संहारात मारले गेले. त्यानंतर एखादी ओळ इकडची तिकडे झाली तर काय मोठंसं? मला वाटतं, नेमकं म्हणूनच मोठं आहे. फोटोतला माणूस जिवंत असता तर ‘अहो, हा माझा मुलगा नव्हे’ असं म्हणाला असता. त्याच्या वतीने आता फक्त ओळच बोलते. आणि हा संहार झालाच नाही म्हणणाऱ्यांना एक चुकीची ओळ पुरते.

ज्यू धर्मशास्त्राचंही इथे एक म्हणणं आहे. दानाला त्यांचा शब्द ‘त्सदाका’, आणि त्याचं मूळ न्यायाच्या शब्दात आहे, दयेच्या नव्हे. मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मायमोनिडीजने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. गरिबाला स्वतःच्या पायावर उभं करणं ही सगळ्यांत वरची, आणि तिच्या लगेच खाली, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही नि घेणाऱ्याला देणारा, असं दान. मदतीच्या फोटोत घेणाऱ्याचा चेहराच चव्हाट्यावर येतो, म्हणजे ही पायरी आपण मोडतोच. मग निदान त्या चेहऱ्याचं नाव, गाव आणि दिवस तरी खरा लिहायला नको?

तुझ्या बाबतीत हे जास्तच लागू आहे, कारण बेने इस्रायल काही संपलेले नाहीत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटल्या गेलेल्यांची ही लेकरं गावांची नावं आडनावात घेऊन मुंबईला गेली, इस्रायलला गेली, आणि तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. ओसाड सिनेगॉग अवश्य दाखव, पण मलिद्याच्या विधीच्या ताटाभोवती जमलेलं घरही चित्रित कर. संस्थेने ते कापलं तर कापू दे. तो भाग पुसू नकोस. प्रत्येक तुकड्याला नाव, गाव, तारीख लावून वेगळा जपून ठेव, आणि निवेदनाची संहिता त्या म्हाताऱ्या गृहस्थांना वाचून दाखवल्याशिवाय ध्वनिमुद्रणाला देऊ नकोस.

तुझा,
मामा