वाटी, लिटर आणि किलो : चक्का-पनीरचा हिशेब

आम्ही कापडवाले. कापड मीटरने विकतो, सूत किलोने घेतो. एका मीटरचे वजन ठाऊक नसेल तर भाव काढता येत नाही. चक्का, पनीर आणि खव्यालाही हाच नियम लागू आहे. लातूर-नांदेडकडचे बावर्ची व मिठाईवाले माल किलोने घेतात, कृती मात्र वाटीने सांगतात. दोन्हींचा मेळ बसला नाही तर नफा तिथेच गळतो.

माप वेगळे आणि वजन वेगळे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. फिकहमध्ये 'मकील' म्हणजे मापून द्यायचा माल आणि 'मौजून' म्हणजे तोलून द्यायचा माल, असा भेद आहे. फितऱ्याचा 'साअ' हे मुळात माप. आज आपण तो किलोने काढतो. आपल्याकडे शेरही दोन होते. तोलाचा सरकारी शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम. धान्याचा शेर मापाचा, चार शेरांची पायली. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर लाह्या यांचे वजन कधी सारखे भरेल काय?

पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. दूध किंचित जड, लिटरला सुमारे १ किलो ३० ग्रॅम. दाबून भरलेला चक्का पाण्याच्या आसपास भरतो. पण फेटला की त्यात हवा शिरते आणि तेच वजन जास्त जागा घेते. कुस्करलेल्या पनीरमध्ये पोकळी राहते. वाटी भरलेली दिसते, वजन कमी असते. किसलेला खवा आणि मळलेला खवा यांतही हाच फरक.

परदेशी कृतीत क्रीम चीजचा एक कप सुमारे २२५ ग्रॅमचा धरतात. तो कप साधारण २४० मिलिलिटरचा. आपला चहाचा कप त्याहून लहान. म्हणून तो आकडा आपल्या पनीरला लावू नये. आपला आकडा आपणच काढावा :

१. रिकामे भांडे तोलावे.
२. ते पाण्याने काठोकाठ भरून तोलावे. पाण्याचे जितके किलो, तितके लिटर भांडे.
३. भांडे कोरडे करून, रोज भरतो तसाच माल भरावा आणि तोलावे.
४. रिकाम्या भांड्याचे वजन वजा करून उरलेल्या ग्रॅमला लिटरने भागावे.

समजा, भांडे ४०० ग्रॅमचे, पाण्यासह १४००, म्हणजे एक लिटरचे. कुस्करलेल्या पनीरसह १००० भरले, तर एका लिटरला पनीर ६०० ग्रॅम. आता वलीम्याच्या कृतीत २० लिटर पनीर आहे. ६०० गुणिले २०, म्हणजे १२ किलो. लिटरलाच किलो समजून २० किलो आणले, तर ८ किलो जादा. भाव ३०० रुपये धरला तर २४०० रुपये अडकले, आणि उन्हाळ्यात पनीर दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. उलट, वजनावरून माप हवे असेल तर १२००० भागिले ६००, म्हणजे २० लिटर. तेवढे भांडे लागेल.

चक्का, पनीर, खवा यांचे आकडे वेगवेगळे काढून वहीत लिहावेत. दूध किंवा भरण्याची रीत बदलली की पुन्हा तोलावे.

विक्री मात्र वाटीने नको, काट्यानेच करावी. २००९ च्या वैधमापन कायद्यानुसार काटा व वजने पडताळलेली, शिक्का मारलेली हवीत. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना दिलेला इशारा तर आपण जाणतोच. बरोबर तोललेल्या मालावर गिऱ्हाईक परत येते, आणि धंदा त्यावरच चालतो.