पोडाची भाषा आणि शाळेची भाषा

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले की सेवाग्राम, पवनार आणि कापसाची पांढरी शेते डोळ्यांसमोर येतात. याच जिल्ह्यात एक प्राचीन द्राविडी भाषा बोलणारा कोलाम समाज राहतो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. निवासी शाळेचे काम करताना आम्हांला या समाजाचा अभ्यास अगत्याचा वाटतो, म्हणून हा अल्पसा परिचय.

कोलामांची मुख्य वस्ती यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, नांदेड आणि शेजारच्या आदिलाबाद भागात आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती शासनाने विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून मान्य केल्या आहेत. कोलामांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. पोड सहसा मूळ गावापासून अलग, रानाच्या कडेला वसलेले असते. घरे थोडी, भिंती बांबूच्या कुडाच्या आणि शेणामातीने सारवलेल्या. पोडात चावडी असते. पाहुणा तेथेच उतरतो, तंटा तेथेच मिटतो आणि सणाचा विचारही तेथेच होतो. नाईक हा पोडाचा प्रमुख. परंतु निर्णय तो एकट्याने घेत नाही, चावडीवर जमलेल्यांच्या संमतीने घेतो.

पूर्वी डोंगरउतारावर जागा बदलत शेती करणे हा कोलामांचा जीवनक्रम होता. इंग्रजी अमलात जंगले राखीव झाली, फिरती शेती बंद पडली आणि रानाचा जाणकार मोलमजूर बनला. टोपल्या, सुपे, तट्टे विणण्याचे बांबूकाम मात्र टिकून राहिले. 2006 च्या वनहक्क कायद्याने अशा जमातींच्या अधिवासाचा हक्कही मान्य केला आहे. कायद्याचा कागद समजून घेण्यासाठी अक्षरज्ञान लागते. येथेच शाळेचे महत्त्व सुरू होते.

कोलामी भाषा मराठीच्या शेजारात नांदली, तरी तिचे कूळ वेगळे आहे. कोलामीत पाण्याला ‘ईर’, डोळ्याला ‘कन’ आणि घराला ‘एल्ला’ म्हणतात. तमिळमधील ‘नीर’, ‘कण्’, ‘इल्’ हे शब्द शेजारी ठेवले, की नाते आपोआप उलगडते. 2011 च्या जनगणनेत ही भाषा बोलणाऱ्यांची नोंद सुमारे सव्वा लाख आहे.

या भाषेचा शास्त्रीय अभ्यास करणारे मरे एमेनो मूळचे कॅनडाचे. 1935 ते 1938 या काळात ते भारतात होते. त्यांनी वर्धा जिल्ह्यातील कोलामी बोली टिपून घेतली आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ 1955 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आपल्या बाजारात कोणी खुर्ची देत नव्हते, त्यांच्या मुखातील शब्द जगाच्या ग्रंथालयांत पोहोचले.

एमेनो यांनी भाषाशास्त्राचे धडे अमेरिकेत एडवर्ड सपीर यांच्याकडे घेतले. सपीर हे नवाहो या अमेरिकन आदिवासी भाषेचे थोर अभ्यासक. नवाहोंचा इतिहास आपल्यालाही विचार करावयास लावणारा आहे. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना मायभूमीतून शेकडो मैल पायी हाकलले; 1868 च्या तहानंतर ते परतले. पुढे त्यांच्या मुलांना निवासी शाळांत घातले गेले. तेथे केस कापले जात, नावे बदलली जात आणि मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्याच भाषेच्या आधारे रचलेले सांकेतिक संदेश शत्रूला अखेरपर्यंत उलगडले नाहीत. 1966 साली ॲरिझोनातील रफ रॉक येथे नवाहोंनी स्वतः चालवलेली शाळा उभी राहिली आणि तिच्यात नवाहो भाषेला अध्यापनात स्थान मिळाले.

म्हणजे निवासी शाळा दोन्ही करू शकते : मुलाला त्याच्या माणसांपासून तोडूही शकते आणि त्याच माणसांसाठी त्याला समर्थही करू शकते. घरापासून दूर आलेले मूल वर्गात गप्प बसते, तेव्हा ते मंद आहे असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वस्तुतः ते मनातल्या मनात एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जात असते. घटनेच्या 350 अ या अनुच्छेदाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीची अपेक्षा राज्यांकडून केली आहे, ती याच जाणिवेतून.

ही दृष्टी आपल्या परंपरेला परकी नाही. बुद्धवचन छंदोबद्ध संस्कृतात बांधावे, अशी अनुज्ञा दोन भिक्खूंनी मागितली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली आणि वचन आपापल्या भाषेत शिकण्यास सांगितले, अशी कथा विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. धम्म जर लोकांच्या भाषेत जाऊ शकतो, तर गणित आणि विज्ञान का जाऊ नये?

मराठी आणि इंग्रजी मुलांना आलीच पाहिजे. त्यावाचून न्यायालय, कचेरी आणि विद्यापीठ यांची दारे उघडत नाहीत. परंतु त्यासाठी ‘ईर’ विसरण्याची गरज नाही. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती एवढीच की, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची गाणी, कथा, झाडांची नावे लिहून शाळेस द्यावीत. सुटीत पोडावर परतलेल्या मुलाला आजीशी तिच्या भाषेत बोलता आले आणि तिचा वनहक्काचा कागद वाचून दाखवता आला, तर शाळेचे कार्य सफल झाले असे आम्ही मानू.