सुनीता एक, पत्ते चार : ईमेलमध्ये नाव शोधताना घ्यायची काळजी

मैत्रिणींनो, आजचा पाठ ईमेलचा आहे. पण ईमेल कसा लिहायचा याचा नाही, तो कोणाला जातो याचा आहे.

आमच्या ग्रामसंघात घडलेली गोष्ट सांगते. एका गटाच्या दहा जणींची कर्जाची कागदपत्रं, म्हणजे आधार, पासबुकाचं पहिलं पान आणि ठराव, आमच्या लिपिकाताईंनी सचिवताईंना ईमेलने पाठवली. सचिवताई त्याची प्रिंट काढून बँकेत नेणार होत्या. लिपिकाताईंनी पत्त्याच्या जागी ‘सुनी’ एवढंच टाइप केलं, खाली नाव आलं, बोट लावलं, मेल गेला. दोन दिवसांनी सचिवताई म्हणाल्या, “मला तर काहीच आलं नाही!” शोधलं तेव्हा कळलं की कागद दुसऱ्याच सुनीताकडे गेले. आपल्याला मसाल्याच्या पिशव्या पुरवणाऱ्या व्यापारी बाई त्या. बाई भल्या, त्यांनी मेल काढून टाकला. पण ऐन पेरणीत फाईल चार दिवस मागे पडली आणि दहा जणींचे आधार परक्या हातात जाऊन आले. लिपिकाताई रडकुंडीला आल्या होत्या. चूक त्यांची एकटीची नव्हती. नावं कशी जतन करायची हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

असं का होतं?

फोन माणूस ओळखत नाही, अक्षरं ओळखतो. आपण तीन-चार अक्षरं लिहिली की ती ज्या नावात किंवा पत्त्यात सापडतील ते तो पुढे करतो. आपल्याकडे अडचणी येतात त्या अशा :

* इंग्रजीत सुनीता लिहिताना कोणी मधे ‘आय’ घालतं, कोणी दोनदा ‘ई’. लक्ष्मीचं तर विचारूच नका, कोणी ‘एक्स’ने लिहितं, कोणी ‘के-एस-एच’ने. एका पद्धतीने जतन केलं आणि दुसऱ्या पद्धतीने शोधलं, तर नाव सापडत नाही.
* ईमेल माहेरच्या नावाने काढलेला, कागदावर सासरचं आडनाव. आडनावाने शोधलं की हाती काही लागत नाही.
* पुष्कळ जणींचा ईमेल मुलाच्या नाहीतर पुतण्याच्या नावाने असतो. आपण ‘सुनीता’ शोधतो, यादीत असतो ‘राहुल’.
* जीमेलमध्ये आपण एखाद्याला एकदा जरी मेल पाठवला, तरी त्याचा पत्ता ‘इतर संपर्क’ या यादीत आपोआप जाऊन बसतो. व्यापारी बाईंचा पत्ता असाच आला होता.
* साहेबांची बदली होते, पण त्यांचा जुना पत्ता यादीत राहतो.

काय करायचं?

१. नाव एकाच साच्यात जतन करा. आम्ही ठरवलेला साचा असा : आधी नाव, मग गट, मग पद. उदाहरणार्थ, ‘सुनीता – जिजाऊ गट – सचिव’. मराठीत लिहायचं की इंग्रजीत, हे ग्रामसंघाच्या बैठकीत एकदाच ठरवा आणि सगळ्यांनी तसंच लिहा. ईमेल मुलाचा असला तरी संपर्काला नाव ताईंचंच द्या.

२. सिमवर नको, गूगल खात्यात जतन करा. सिमवर ठेवलेलं नाव जीमेलला कॉम्प्युटरवर दिसत नाही, आणि सिम हरवलं की तेही गेलं.

३. यादी निवडा. धान्य निवडतो तशीच. संपर्कांच्या ॲपमध्ये एकाच माणसाची दोन नावं एकत्र करायची सोय आहे. ‘इतर संपर्क’ उघडून नको ते पत्ते काढून टाका. पत्ते आपोआप जमा व्हायला नको असतील, तर कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘संपर्क मी स्वतः जोडेन’ हा पर्याय निवडा.

४. बँक आणि कार्यालयाचा पत्ता पदाचा घ्या. शाखेचा किंवा कार्यालयाचा ईमेल मागून घ्या. माणूस बदलतो, शाखा तिथेच राहते.

५. नाव नाही, पत्ता वाचा. पाठवण्याआधी नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि मोठ्याने वाचा. जीमेलच्या पत्त्यात ‘ॲट’च्या आधी टिंब असलं-नसलं तरी पत्ता तोच राहतो. पण एक अक्षर किंवा एक आकडा बदलला की माणूस बदलला!

६. पत्ता सगळ्यात शेवटी भरा. आधी मजकूर लिहा, कागद जोडा, मगच पत्ता. म्हणजे अर्धवट मेल चुकून जात नाही.

मेल चुकून गेलाच तर?

जीमेलमध्ये पाठवल्यावर लगेच खाली ‘अनडू’ असं येतं. ते दाबलं की मेल परत येतो. ही मुदत 5 सेकंदांची असते, पण कॉम्प्युटरवरच्या सेटिंगमधून ती 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते. आजच वाढवून ठेवा. मुदत गेली की मेल परत घेता येत नाही. मग लाज न बाळगता ज्यांना मेल गेला त्यांना कळवा, काढून टाकायला सांगा, आणि ज्यांचे कागद होते त्या सगळ्या जणींना खरं काय झालं ते सांगा. झाकून ठेवलेली चूक जास्त महागात पडते.

आणखी एक. आधारची अशीही प्रत मिळते ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. तिला ‘मास्क्ड आधार’ म्हणतात. आधारच्या वेबसाइटवरून ती उतरवता येते. जिथे चालत असेल तिथे तीच पाठवा.

पुढच्या बैठकीत करून पाहा

1. प्रत्येकीने आपला ईमेल नेमका कोणाच्या नावाने आहे ते सांगावं. लिपिकाताईंनी ते वहीत नोंदवावं.
2. सगळ्यांनी फोनमध्ये ‘सुनी’ किंवा ‘मंग’ टाइप करावं. किती नावं येतात ते मोजा. त्यातल्या किती जणी आपल्याला खरंच माहीत आहेत?
3. दोघी-दोघींनी एकमेकींना साधा मेल पाठवावा. आधी पत्ता मोठ्याने वाचायचा, मगच बटण दाबायचं.

गटाचे पैसे मोजताना आपण दोनदा मोजतो, आणि दुसरी वेळ दुसरीच्या हातून. पत्त्याचंही तसंच करा. एकीने लिहावा, दुसरीने वाचावा.