लिंबू सरबतात घाला, चेहऱ्यावर चोळू नका

काष्टी परिसरात लिंबाच्या बागा आणि उसाचे फड घराला लागूनच. त्यामुळे ‘लिंबू आणि साखर चोळली तर काळपटपणा जाईल का?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तर एकच: चेहऱ्यावर चोळू नका.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तो साधारण महिनाभरात आपोआप झडतो. आपण फक्त हलका हातभार लावायचा. त्वचेचा सामू ५ च्या आसपास, तर लिंबाच्या रसाचा २ ते २.५. इतक्या आंबट रसाने आग होते. त्यातच लिंबाच्या सालीतली काही द्रव्ये उन्हात त्वचा भाजतात. एक-दोन दिवसांत लाली, फोड आणि मग महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग. लिंबं तोडणाऱ्यांनी, सरबत करणाऱ्यांनी उन्हात जाण्याआधी साबणाने हात धुवावेत.

उसात ग्लायकोलिक आम्ल असतं, त्वचारोगतज्ज्ञ ते मोजून-मापून वापरतात. रसात मात्र ते नावापुरतंच. बाकी सगळी साखर. साखरेचे दाणे किंवा अक्रोडाच्या कवचाची भुकटी घासली, की चेहऱ्यावर बारीक ओरखडे उठतात.

मग वापरायचं काय? मसुरीचं किंवा हरभऱ्याचं पीठ वस्त्रगाळ करून पाण्यात कालवा, हलक्या हाताने मिनिटभर फिरवा आणि धुऊन टाका. आठवड्यातून एकदा पुरे. दिवाळीचं भरड उटणं अंगाला चालेल, चेहऱ्याला नको. काहीही नवं लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस पाहा. मुरमं, गजकर्ण, उसाच्या पात्याने चिरलेली त्वचा किंवा नुकतीच केलेली दाढी असेल, तर घासणं बंद.

केसांसाठी रिठा-शिकेकाई रात्री भिजवा, सकाळी उकळा आणि पाणी नीट गाळून घ्या. ते डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं. कोंडा नखाने खरवडून जात नाही, कारण त्यामागे बहुधा बुरशी असते. केटोकोनॅझोलचा शाम्पू डॉक्टरांना विचारून वापरा; तो डोक्यावर पाच मिनिटं ठेवावा लागतो.

शेवटचं आणि महत्त्वाचं. मान, काखा काळ्या आणि जाड, मखमलीसारख्या झाल्या असतील तर तो मळ नव्हे. वजन जास्त असताना शरीरात इन्सुलिन नीट काम करेनासं झालं, की अनेकदा असं होतं. घासून घासून तो रंग आणखी गडद होईल. त्यापेक्षा रक्तातली साखर तपासून घ्या.