करप्याचे कूळ

शेतात डोलणारे हिरवे पीक चार दिवसांत आगीची धग लागल्याप्रमाणे वाळून तपकिरी पडते, तेव्हा शेतकरी म्हणतो, "करपा पडला!" भात, बटाटा, कांदा, केळ अशी पिके निरनिराळी, परंतु नाव एकच. डोळ्यांना जे दिसते, त्यावरून ते पडले आहे. मात्र दिसण्यात साम्य असले म्हणजे कारणही एकच असते, असे नाही. आणि कारण ओळखल्यावाचून उपाय सापडत नाही.

रोग ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे पान न्याहाळणे होय. भाताच्या करप्याचे ठिपके मध्ये रुंद व दोन्ही टोकांस निमुळते असतात. बटाट्यावर लवकर येणाऱ्या करप्याच्या ठिपक्यांत एकात एक वलये उमटतात. उशिरा येणाऱ्या करप्याचे डाग काळपट व पाणी मुरल्यासारखे असून दमट हवेत पानाच्या खालच्या अंगास पांढरी लव दिसते. पुढची पायरी सूक्ष्मदर्शक यंत्राची. त्याखाली भाताच्या करप्याचा बीजाणू नासपतीच्या आकाराचा व तीन पेशींचा दिसतो.

परंतु रूप कधी कधी फसवते. बटाट्यावरील उशिरा येणाऱ्या करप्याचा जीव तंतुमय असल्याने त्याची गणना दीर्घकाळ बुरशीत होत असे. याच रोगाने इ. स. १८४५ पासून आयर्लंडमधील बटाट्याचे पीक बुडाले आणि त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मृत्युमुखी पडली. पुढे जनुकांच्या अभ्यासाने या जीवाचे नाते बुरशीशी नसून समुद्रातील तपकिरी शैवालाशी असल्याचे दाखवले. म्हणूनच खऱ्या बुरशीवर चालणारी काही औषधे त्याच्यावर चालत नाहीत.

जनुकांवरून नाते कसे कळते? पूर्वी पोथ्या हाताने उतरवून घेत. नक्कल करताना एखादी चूक झाली की, त्या नकलेवरून उतरलेल्या सर्व पोथ्यांत तीच चूक येई. ज्या पोथ्यांत चुका समान, त्यांचा उगम एक. जनुकांतही पिढ्यानुपिढ्या लहान लहान बदल होतात व ते वारशाने पुढे जातात. समान बदल शोधून शास्त्रज्ञ जीवांचा वंशवृक्ष मांडतात.

या विद्येची कसोटी इ. स. २०१६ मध्ये बांगलादेशात लागली. तेथे सुमारे १५,००० हेक्टर गव्हावर करपा पडला. ओंब्या पांढऱ्या पडल्या; दाणा भरेना. बीजाणू भाताच्या करप्यासारखेच होते. मग भातावरील बुरशीच गव्हावर उतरली काय? रूपावरून निर्णय होईना. जनुके वाचली, तेव्हा ती बुरशी दक्षिण अमेरिकेतील गव्हावरच्या बुरशीच्या कुळातील निघाली. ब्राझीलमध्ये तो रोग इ. स. १९८५ मध्ये प्रथम आढळला होता. कूळ कळताच उपायाची दिशा मिळाली. परदेशातून येणाऱ्या धान्यावर व बियाण्यावर लक्ष ठेवण्याची निकड पटली; आणि त्या बुरशीला तोंड देणारा 'बारी गम-३३' हा गव्हाचा वाण इ. स. २०१७ मध्ये तेथे प्रसृत झाला.

नदीचे मूळ व ऋषीचे कूळ विचारू नये, अशी म्हण आहे. रोगाचे कूळ मात्र अवश्य विचारावे. ती विचारपूस पानावरील ठिपक्यापासून सुरू होते. म्हणून ठिपका नीट पाहणारा शेतकरी हा या शास्त्राचा पहिला सहकारी होय.

शब्दार्थ : बीजाणू – बुरशीचा प्रसार करणारा सूक्ष्म कण. ओंबी – गव्हाचे कणीस. प्रसृत होणे – सर्वत्र पोहोचवला जाणे.

स्वाध्याय
१. 'करपा' हे एकच नाव अपुरे का ठरते?
२. पोथ्यांच्या दृष्टान्ताने लेखकाने काय समजावले आहे?
३. तुमच्या परिसरातील एका रोगट पानाचे पाच वाक्यांत वर्णन करा.