बुडनब्रोक घराण्याची वही

एका घराण्याच्या चार पिढ्यांची कथा वाचावयाची असेल, तर जर्मन लेखक टोमास मान यांची ‘बुडनब्रोक्स’ ही कादंबरी आपण अवश्य हाती घ्यावी. ती १९०१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखकाचे वय अवघे पंचवीस होते. १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते मुख्यतः तिच्यासाठीच. पहिला भाग एका मेजवानीतच खर्ची पडतो. तेथे कंटाळून पुस्तक मिटू नये!

कथा घडते ती ल्यूबेक या व्यापारी नगरात, १८३५ ते १८७७ या काळात. बुडनब्रोक हे धान्याचे प्रतिष्ठित व्यापारी. हागनष्ट्रोम नावाचे नवे धनिक पुढे सरसावतात आणि अखेरीस त्यांचा वडिलोपार्जित वाडाही विकत घेतात. समीक्षक या ऱ्हासाची मीमांसा पुष्कळ करतात. आमचे लक्ष मात्र घरातील एका वहीने वेधून घेतले. आपल्याकडील कुळवृत्तांताप्रमाणे तीत जन्म, विवाह, मृत्यू यांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली आहे.

या घरची कन्या टोनी हिचे मन मोर्टन या वैद्यकीच्या विद्यार्थ्यावर जडलेले असते. वडिलांनी पसंत केलेला ग्र्युनलिश तिला मुळीच आवडत नाही. तिच्यावर दडपण येते हे खरे. परंतु शेवटचा निर्णय होतो तो वही चाळताना. पूर्वजांच्या नोंदी वाचता वाचता तिचा ऊर अभिमानाने भरून येतो आणि ती स्वहस्ते आपल्या वाङ्‌निश्चयाची नोंद करते. तारीख २२ सप्टेंबर १८४५. रूढीचा पाश परकाच आवळतो असे आपण समजतो; येथे टोनी तो अभिमानाने आपणच गळ्यात घालते. पुढे ग्र्युनलिशचे दिवाळे निघते, तो लबाड ठरतो. घटस्फोटाची नोंदही तीच करते.

तिचा भाचा हान्नो प्रकृतीने नाजूक, संगीतात रमणारा. एके दिवशी तो पट्टी घेऊन आपल्या नावाखाली दुहेरी रेघ ओढतो. वडील रागावून जाब विचारतात. यापुढे काही येणार नाही असे वाटले, एवढेच तो चाचरत सांगतो. पंधरा-सोळाव्या वर्षी विषमज्वराने तो जातो.

हान्नोची आई माहेरी निघते, तेव्हा घराण्याचे कागद टोनीच्याच हाती राहतात. दर आठवड्याला माझ्याकडे जेवायला या, आपण ते वाचू, असे ती उरलेल्या बायकांना सांगते.