काचेवरचा टवका : कधी भरून घ्यावा, कधी काच बदलावी?



लागण, खोडवा, पाणी आणि खते हे आमचे नेहमीचे विषय. या अंकात मात्र विषय थोडा वेगळा घेतला आहे. आज आपल्या कार्यक्षेत्रात पुष्कळ सभासदांच्या दारात जीप, पिकअप किंवा मोटार उभी असते. गळीत हंगामात ऊसवाहतुकीने रस्त्याची खडी उखडते. पुढच्या ट्रकच्या चाकाखालचा खडा उडतो, टक्कन आवाज होतो आणि आपल्या काचेवर टवका पडतो. आपण बोट फिरवून पाहतो, "चालतंय की, काय धाड भरलीय?" असे म्हणतो आणि पुढे निघतो. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच टवक्यातून तडा निघून काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, आणि शेकड्यात भागणारे काम हजारात जाते.

पाटाच्या बांधाला घुशीचे बीळ पडले तर ते पाटीभर मातीने बुजते. चार दिवस दुर्लक्ष केले की अख्खा बांध वाहून जातो. टवक्याचेही तसेच आहे.

काच कशी बनलेली असते?

गाडीची पुढची काच एकसंध नसते. काचेचे दोन पातळ तक्ते आणि मधे प्लॅस्टिकचा पारदर्शक पडदा असे ते सँडविच असते. याला लॅमिनेटेड काच म्हणतात. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांनी १९०९ साली अशा काचेचे पेटंट घेतले. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या काचेसाठी लॅमिनेटेड काचेची तरतूद आहे. दगड बसला तरी ही काच अंगावर येत नाही, पडद्याला चिकटून राहते. टवका बहुधा बाहेरच्या तक्त्यालाच पडतो, म्हणून तो भरता येतो.

बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड म्हणजे कडक केलेल्या असतात. त्या फुटल्या की एकदम बारीक खडे होतात. त्यांची दुरुस्ती होत नाही, बदलणे एवढाच मार्ग. काही जुन्या जीप-ट्रकांना पुढेही अशीच काच असते. तिथे खालील विवेचन लागू नाही.

टवक्याचा तडा का होतो?

काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र सोसत नाही. टवक्याच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो. पहाटेच्या थंडीत आकसलेली काच दुपारच्या उन्हात ताणते, त्यात खड्ड्यांनी गाडीचा सांगाडा पिळवटतो, आणि तडा वाढतो. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणे, किंवा उन्हातल्या गाडीत बसताक्षणी ए.सी.चा झोत काचेवर सोडणे, हेही तेच काम करते. शिवाय चिरेत ओल शिरली की चिरेच्या टोकाशी काच आणखी कमजोर होते. धूळ शिरली तर पुढे भरणेही नीट बसत नाही.

निर्णय कसा घ्यावा?

गाडी सावलीत घ्या, काच पुसा आणि पुढील चार गोष्टी क्रमाने पाहा.

१) खोली. आतल्या बाजूने टवक्याच्या जागी कापडावरून हलके बोट फिरवा. आतून गुळगुळीत लागले तर इजा बाहेरच्याच तक्त्याला आहे. आतही खरखरीत लागले, किंवा मधला पडदा फाटलेला दिसला, तर काच बदलावी.

२) जागा. टवका चालकाच्या नजरेसमोर आहे का, ते आसनावर बसून पाहा. भरलेला टवका पूर्ण दिसेनासा होत नाही, बारीक डाग राहतोच. नजरेसमोरच्या डागावर समोरच्या गाडीचा उजेड पडला की तो फाकतो. तडा काचेच्या कडेपर्यंत गेला असेल तरीही भरण्यात अर्थ नाही, कारण कडेलाच ताण जास्त असतो. कडेपासून दोन इंचांच्या आतला टवकाही जाणकाराला दाखवूनच काय ते ठरवावे.

३) आकार. एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाणारा, म्हणजे सुमारे २ सें.मी.चा टवका साधारणपणे भरता येतो. लांब तड्याच्या बाबतीत कारागिरांचे मत वेगवेगळे असते. तरी अर्ध्या फुटपट्टीपेक्षा, म्हणजे १५ सें.मी.पेक्षा लांब तडा असेल तर काच बदलण्याचीच तयारी ठेवावी.

४) संख्या. एकमेकांना लागून तीन-चार टवके असतील किंवा एकातून अनेक तडे फुटले असतील, तर भरण्याचा खर्च वाया जातो.

मापाचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये गाड्यांची दरवर्षी तपासणी होते. तिथे स्टेअरिंगच्या मध्यावर धरलेल्या २९० मि.मी. रुंदीच्या पट्ट्यात, वायपर फिरतो तेवढ्या भागात, १० मि.मी.पेक्षा मोठी इजा चालत नाही. वायपरच्या उरलेल्या भागात मर्यादा ४० मि.मी. आहे. हा नियम आपल्याकडचा नव्हे, पण त्यातले तत्त्व घेण्याजोगे आहे. तोच टवका डाव्या कोपऱ्यात असला तर खर्चाचा प्रश्न, नजरेसमोर असला तर जिवाचा.

हे आम्ही उगीच म्हणत नाही. हंगामात सायंकाळनंतर आपल्या रस्त्यावर बैलगाड्या असतात, दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, आणि कित्येकांना मागे दिवाही नसतो. समोरून ट्रकचा झगझगीत उजेड येतो, काचेवरच्या तड्यात तो पसरतो, आणि तेवढ्या दोन क्षणांत पुढची गाडी दिसत नाही. त्या बैलगाडीत तोडणी मजुराचे अख्खे कुटुंब बसलेले असते. नजरेसमोर तडा असेल तर काच बदलेपर्यंत रात्री गाडी काढू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

भरून घेईपर्यंत काय करावे?

टवका पडला त्याच दिवशी कोरड्या कापडाने काच पुसून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. यामुळे धूळ व पाणी आत जात नाही. टवका नजरेसमोर असेल तर पट्टी अगदी लहान लावावी. गाडी धुऊ नये. झटपट चिकटणाऱ्या ट्यूबचा डिंक किंवा नखांचे पॉलिश त्यात भरू नये. ते आत सुकून बसते आणि मग खरे भरणे आत जात नाही. कारागीर आधी टवक्यातली हवा ओढून घेतो, त्यात पातळ रेझीन दाबाने भरतो व अतिनील दिव्याखाली ते घट्ट करतो. काम बहुधा तासाभरात आटोपते. पहिल्या आठवड्यात गेलात तर उत्तम.

काच बदललीच तर हल्लीच्या गाड्यांत ती चिकटवलेली असते. छताला आधार देण्यात आणि अपघातात डावीकडची एअरबॅग नीट उघडण्यात तिचा वाटा असतो. म्हणून चिकटवणे वाळायला कारागीर सांगेल तेवढा वेळ गाडी उभीच ठेवावी. आरशामागे कॅमेरा असलेल्या गाडीत तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

विम्याबद्दल

नुसत्या थर्ड पार्टी विम्यात काचेचा खर्च मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर काचेवर घसारा धरला जात नाही, ही जमेची बाजू. पण दावा केला की नो क्लेम बोनस जाऊ शकतो, आणि तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० ते ५० टक्के असतो. तेव्हा टवका भरण्याचा खर्च खिशातून करावा आणि काच बदलायची झाल्यास आधी दोन्हीकडचा हिशोब मांडावा.

शेवटी, टवका पडूच नये याचाही उपाय आहे. उसाच्या ट्रकच्या पाठीला गाडी चिकटवू नका, मधे भरपूर अंतर ठेवा. गव्हाणीत मोळी पडण्याआधी ट्रॅक्टरचे ग्रीसिंग आणि टायर आपण पाहतोच. त्याच दिवशी घरच्या गाडीची काचही उन्हात तिरपी नजर लावून पाहावी, आणि चिकटपट्टीचे एक रीळ गाडीत ठेवून द्यावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग